पिल्लू सापडलंय? घास सगळ्यात शेवटी

हातात पक्ष्याचं पिल्लू घेऊनच हे वाचत असाल तर आधी तीन गोष्टी. दूध पाजू नका. ड्रॉपरने किंवा कापसाने चोचीत पाणी सोडू नका. बुटांच्या रिकाम्या खोक्यात जुनं सुती फडकं घाला, झाकणाला चार भोकं पाडा, पिल्लू आत ठेवून झाकण लावा आणि खोलीतला पंखा बंद करा. झालं? आता निवांत वाचा. तेवढ्यात ते उपाशी मरत नाही.

मी ठाण्यात वसंत विहारच्या बाजूला राहते. येऊरची झाडी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे एप्रिल लागला की आमचा वॉचमन बेल वाजवायला सुरुवात करतो. "मॅडम, पक्षी पडलाय." आधी पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी होते आणि त्यात घरटी जातात. मग वळवाचा वारा सुटतो, मग जूनचा पहिला जोराचा पाऊस. कबुतरांना तर ऋतूच नाही, त्यांची पिल्लं बारा महिने एसीच्या मागून पडत असतात. गेल्या बारा-तेरा वर्षांत माझ्याकडे आलेल्या पिल्लांपैकी निम्म्याहून जास्त पिल्लांना माझी काहीच गरज नव्हती. त्यांचे आईबाप वरच्या फांदीवर ओरडत बसले होते आणि आपण खाली "बिच्चारं, अनाथ आहे" म्हणत होतो.

खरंच अनाथ आहे का, ते आधी बघा

अंगभर पिसं आलीत, शेपटी मात्र आखूड आहे, चोचीच्या कोपऱ्यांना अजून पिवळी कड आहे आणि पिल्लू जमिनीवर टुणटुण उड्या मारतंय, तर ते पडलेलं नाही. ते घरट्यातून स्वतःहून निघालेलं आहे. साळुंकी, बुलबुल, दयाळ यांची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरटं सोडतात आणि पुढचे काही दिवस झुडपात, कुंपणावर, कधी पार्किंगमध्ये काढतात. आईबाप तिथेच येऊन भरवतात. अशा पिल्लाला उचलून जवळच्या दाट झुडपात किंवा खालच्या फांदीवर ठेवायचं, सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांकडे वॉचमनला लक्ष ठेवायला सांगायचं आणि घरी जायचं. खरोखर घरी. तुम्ही तिथे उभे असाल तर आई खाली उतरणार नाही. खिडकीतून दोन तास नजर ठेवा.

कावळ्याच्या बाबतीत आईबाप शोधावे लागत नाहीत, तेच तुम्हाला शोधतात. डोक्यावर टोच बसायच्या आधी छत्री उघडा. आणि कावळ्यांच्या मागे मागे "भरवा, भरवा" करत फिरणारं, कावळ्यापेक्षा लहान, थोडं वेगळं दिसणारं काळं पिल्लू दिसलं तर ते बहुधा कोकिळेचं. कावळ्याची जोडीच त्याला वाढवते आहे, वाढवू द्या.

आता दुसरी गोष्ट. पिल्लू उघडं आहे, डोळे मिटलेले आहेत किंवा पिसं अजून बारीक काट्यांसारखी नळीतच आहेत, तर मात्र ते पडलेलंच आहे आणि त्याची जागा घरट्यात आहे. घरटं दिसतंय, हात पोचतोय, तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, हे माझ्या आजीनेही मला सांगितलं होतं, पण ते खरं नाही. पक्ष्यांचं या बाबतीतलं सगळं काम नाकावर नाही, डोळ्यांवर आणि कानांवर चालतं. घरट्याच्या जागी चोच उघडून ओरडणारं पिल्लू दिसलं की आई त्याला भरवते.

घरटंच पडलं असेल तर नवं करा. फळवाल्याकडे स्ट्रॉबेरी किंवा मशरूम मिळतात तो भोकांचा प्लास्टिकचा डबा उत्तम, कारण पावसाचं पाणी साचत नाही. फुलांची छोटी परडीही चालते. आत सुकं गवत घाला. काथ्या किंवा लोकर नको, त्याचे धागे पायांभोवती आवळतात. जुन्या घरट्याच्या जितकं जवळ जमेल तितकं, सावलीत, सुतळीने घट्ट बांधा. कबुतराचं पिल्लू तर नुसतं त्याच सज्ज्यावर एका पसरट ताटलीत ठेवलं तरी पुरतं. संध्याकाळ झाली असेल तर रात्रभर उबेत ठेवून पहाटे उजाडताच हा प्रयोग करा. एका रात्रीत आईबाप पिल्लाला विसरत नाहीत.

दोन-तीन तास लांबून पाहूनही कुणी आलं नाही, किंवा आईबाप मेलेले तुम्ही स्वतः पाहिले, तर पिल्लू अनाथ म्हणायचं. मांजराच्या तोंडातून सोडवलेलं, रक्त येणारं, पंख लोंबणारं, चोच उघडी टाकून धापा टाकणारं पिल्लू घरट्यात परत ठेवायचं नाही, थेट डॉक्टरकडे न्यायचं. मांजराच्या दातांची जखम वरून दिसतसुद्धा नाही, पण त्या लाळेतल्या जंतूंनी पक्षी एक-दोन दिवसांत जातो. त्याला त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं, आणि ते आपल्या मनाने द्यायचं नसतं.

फोन

वनविभागाची हेल्पलाइन १९२६. महाराष्ट्रात कुठूनही लागते. नवी मुंबईत असा, ठाण्यात असा, पिल्लू घरात ठेवायची वेळ आली की पहिला फोन तिथे. यात नुसता उपचार नाही, कायदाही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली आपल्याकडचे बहुतेक सगळे देशी पक्षी येतात आणि त्यांना घरात पाळणं गुन्हा आहे. पोपट धरून. "पण आमच्या काकांकडे वीस वर्षं राघू होता" हे उत्तर नाही. कावळा पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता, २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. तेव्हा तुमचं घर म्हणजे पिल्लाची प्रतीक्षा खोली. पुढे मी जे सांगते आहे ते मदत येईपर्यंतच्या काही तासांसाठी, एखाद्या शनिवार-रविवारसाठी, किंवा जाणत्या माणसाने "तुम्हीच सांभाळा, मी सांगतो तसं करा" म्हटलं तर त्यासाठी.

परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे प्राण्यांचा दवाखाना, ठाणेकरांना लोकलने गाठता येतं. खोका मांडीवर, झाकण बंद, आणि शेजारच्या बाईने "दाखवा ना" म्हटलं तरी दाखवायचं नाही.

काही पिल्लांवर तर नवख्या माणसाने घरी प्रयोग करूच नयेत. घुबड, पिंगळा, घार यांना सबंध भक्ष्य लागतं, दुकानातल्या चिकनच्या नुसत्या मांसावर त्यांची हाडं वाकतात. आणि घुबडाचं पिल्लू सापडलं हे दिवाळीच्या आसपास तर कुणाला सांगूही नका, जादूटोण्यासाठी त्यांचा बळी देतात. पाकोळीचे पाय इतके इवले असतात की ती भिंतीला लटकते, पण जमिनीवरून तिला नीट उडता येत नाही. लोक तिला "उड, उड" म्हणून हवेत भिरकावतात. तसं करू नका. टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात पळायला लागतं आणि स्वतःच टिपून खातं. नवी मुंबईतल्या मोकळ्या प्लॉटवर ते एकटं दिसलं तर आई जवळच असते, मागे व्हा.

ऊब

गार पडलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. भरवलं तर ते पोटात तसंच राहतं, आंबतं आणि पिल्लू मरतं. म्हणून घास नंतर. पिल्लू तुमच्या हाताला गार लागतंय का? मग आधी ते गरम झालं पाहिजे. बिनपिसांच्या पिल्लाला साधारण ३५ अंश लागतात, पिसं फुटायला लागली की ३० च्या आसपास पुरतात. आपल्या मे महिन्यात तुम्हाला वाटेल की हवाच पुरेशी गरम आहे. पण पावसाळी रात्र, पंखा किंवा एसी, आणि अंगावर एक पीस नाही, हा हिशेब वेगळा असतो.

प्लास्टिकच्या बाटलीत कोमट-गरम पाणी भरून ती मोज्यात घाला आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. एकाच बाजूला, म्हणजे जास्त झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकायला किंवा तुम्हाला त्याला सरकवायला जागा राहते. दर दोन तासांनी पाणी बदला. ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब असेल तर तो खोक्याच्या वर फूटभर अंतरावर लावला तरी चालतो, एलईडीने ऊब मिळत नाही. पिल्लू चोच उघडी ठेवून मान ताणून बसलं तर उकडतंय, अंग आक्रसून गप्प पडलं तर गारठलंय. खोक्यात एक साधा थर्मामीटर टाकून ठेवलात तर अंदाज लावत बसावं लागत नाही.

सपाट वर्तमानपत्रावर पिल्लू ठेवू नका. पाय दोन बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात. आमटीच्या वाटीत टिश्यू पेपरची चुंबळ करून बसवा, म्हणजे पाय पोटाखाली राहतील. घरट्यातही ते तसंच दाटीवाटीने बसलेलं असतं.

मुंग्यांचं मात्र लक्षात ठेवा. लाल मुंग्या रात्रीतून पिल्लू संपवतात, मी पाहिलंय आणि पुन्हा पाहायचं नाही. खोका स्टुलावर आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्यांचा खडू अजिबात नको. त्याच खोलीत डासांची कॉइल, धूप, अगरबत्ती, फवारे काही नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याचा धूर पक्ष्यांना प्राणघातक असतो, म्हणून स्वयंपाकघरात खोका ठेवूच नका.

घास

माझं पहिलं पिल्लू बुलबुलचं होतं. "तहान लागली असेल" म्हणून मी ड्रॉपरने दोन थेंब पाणी सोडलं. त्याने एक शिंक दिल्यासारखं केलं, चोचीतून बुडबुडा आला आणि संध्याकाळी गेलं. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच एक भोक असतं, ती श्वासनलिका. चोच उघडली की तुम्हालाही दिसेल. पाणी थेट त्यात जातं. पिल्लाला लागणारं पाणी ओल्या घासातूनच मिळतं, आई काही चोचीत पेला घेऊन येत नाही. दुधाचंही तसंच, पक्ष्यांना दूध पचवताच येत नाही. पाव, बिस्किट, वरणभात यांनी पोट भरतं, पिल्लू वाढत नाही.

आता लोकांना पटत नाही ते सांगते. चिमणी मोठेपणी दाणे खाते म्हणून तिच्या पिल्लाला बाजरी भिजवून घालतात. पण चिमण्या आपल्या पिल्लांना सुरुवातीला भरवतात ते किडे आणि अळ्या. साळुंकी, बुलबुल, दयाळ, शिंपी, सगळ्यांचं तेच. पिल्लाला प्रथिनं लागतात. घरात लगेच जमेल असा घास म्हणजे मांजराच्या पिल्लांचं कोरडं कॅट फूड कोमट पाण्यात भिजवून स्पंजासारखं फुगू द्यायचं, त्यात उकडलेलं अंडं कुस्करायचं आणि चिमूटभर कॅल्शियम टाकायचं. कॅल्शियमसाठी पक्ष्यांच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो किसून पूड करा. मिश्रण हाताने गोळी वळेल इतकं घट्ट हवं, पातळ नको. घरात अंडं चालत नसेल तर पिल्लू अंडं चालणाऱ्यांच्या घरी द्या, उगाच पनीरवर भागवू नका. बुलबुल आणि साळुंकी थोडी मोठी झाली की पिकलेल्या पपईचा तुकडा आवडीने खातात.

भरवायला टोक घासून बोथट केलेला प्लास्टिकचा चिमटा घ्या, किंवा आइसक्रीमची लाकडी काडी. खोक्याच्या कडेवर हलकेच टकटक केलं की गरम आणि धडधाकट पिल्लू स्वतःच मान वर करून चोच आ वासतं. चिमणीला मुगाच्या दाण्याएवढा घास, साळुंकीला अर्ध्या शेंगदाण्याएवढा. घास जिभेच्या पलीकडे, घशात खोल ठेवायचा, टोकावर नाही. दोन-चार घासांनंतर ते चोच मिटतं, मग थांबायचं. चोच बळेच उघडायची नाही. टकटक करूनही उघडत नसेल तर एकतर ते गार आहे, नाहीतर आजारी.

भरवल्यावर लगेच पिल्लू ढुंगण वर करून एक पांढरी पिशवी टाकतं, चक्क पातळ कातडीत गुंडाळलेली शी. आई ती चोचीत धरून बाहेर नेऊन टाकते, तुम्ही टिश्यूने उचला. ती घट्ट आणि पांढरी येत असेल तर सगळं ठीक चाललंय.

आणि किती वेळा? बिनपिसाच्या पिल्लाला दर २०-३० मिनिटांनी, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. पिसं फुटली की तासाभराने. म्हणजे बिनपिसाच्या पिल्लाची दिवसाला पंचवीस ते चाळीस घास-सत्रं झाली. रात्री भरवायचं नसतं, ते झोपतं आणि तुम्हीही झोपा. "मी ऑफिसला जाताना भरवते आणि आल्यावर भरवते" असं मला फोनवर सांगणारी माणसं प्रेमळ असतात, पण त्यांच्याकडची पिल्लं तिसऱ्या दिवशी जातात. सुट्टी नसेल, घरात दुसरं कुणी नसेल, तर आजच पिल्लू पुढे द्या.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर रोज सकाळी पहिल्या घासाआधी वजन लिहून ठेवा. रोज वाढायलाच हवं. एक दिवस थांबलं तर घास किंवा ऊब कमी पडते आहे, दोन दिवस घटलं तर फोन करा.

कबुतराचं पिल्लू

हे वेगळं लिहायला हवं, कारण आपल्याकडे सर्वात जास्त सापडतं तेच. पिवळ्या केसांचं, मोठ्या मऊ चोचीचं, दिसायला इतकं विचित्र की लोक मला "गरुडाचं पिल्लू" म्हणून फोटो पाठवतात. ते चोच आ वासत नाही. उलट आपली चोच आईच्या तोंडात खुपसून आतला घट्ट दुधासारखा चोथा ओढून घेतं. म्हणून त्याच्यापुढे चिमटा नाचवून उपयोग नाही.

पाळीव पोपटांच्या पिल्लांसाठी मिळणारी हँड-फीडिंगची पावडर कोमट पाण्यात कढीइतकी दाट कालवा. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, अंगापेक्षा जरा गरम लागली की बरोबर. जास्त गरम असेल तर गळ्यातली पिशवी भाजते, आणि मायक्रोवेव्हमध्ये मध्येच गरम खडे राहतात म्हणून तो नको. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढा, पुढचं टोक कापून कडा घासून गुळगुळीत करा आणि त्या तोंडावर रबराने कापड बसवून मध्ये एक चीर द्या. कालवलेलं मागच्या उघड्या बाजूने भरा. पिल्लू त्या चिरेत चोच खुपसून स्वतः ओढून घेईल. ओढायचं काम त्याचं, ढकलायचं काम तुमचं नाही. थोडं मोठं, पिसं फुटलेलं पिल्लू असेल तर पाण्यात मऊ झालेले मटारचे दाणे एकेक करून घशात ठेवता येतात. भरवलं की गळ्याखाली फुग्यासारखी पिशवी फुगते. ती रिकामी होईपर्यंत पुढचं खाणं नाही, दिवसाला तीन-चार वेळा बस. सकाळी उठल्यावरही पिशवी कालच्याइतकीच भरलेली आणि आंबूस वास येत असेल तर डॉक्टर.

कबुतर हाताळताना मास्क लावा. त्यांच्या पिसांची धूळ आणि सुकलेली विष्ठा फुप्फुसांना वाईट, दमेकऱ्याने तर हात लावूच नये. हात साबणाने धुणं कुठल्याही पिल्लानंतर आहेच. आणि एकाच जागी एकदम अनेक पक्षी मेलेले दिसले तर काहीच उचलू नका, कळवा. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात बर्ड फ्लू सापडला होता, तेव्हा सुरुवात मेलेल्या पक्ष्यांपासूनच झाली.

माणसाळवू नका

नाव ठेवू नका. खांद्यावर बसवून फोटो काढू नका. शेजारच्या मुलांना रांगेत बोलवून दाखवू नका. मी एक साळुंकी "मिठू" करून वाढवली, माझ्या खांद्यावरून उतरायची नाही. सोडल्यावर ती चौथ्या दिवशी तळमजल्यावरच्या एका अनोळखी माणसाच्या खांद्यावर बसली, पाचव्या दिवशी मांजराजवळ जाऊन बसली. पिल्लाला माणूस आणि मांजर यांची भीती वाटायलाच हवी. भरवताना बोलू नका, बाकी वेळ खोका झाकलेला ठेवा. एकाच जातीची दोन पिल्लं दोन घरांत असतील तर ती एकत्र आणा, एकटं पिल्लू स्वतःला काय समजेल सांगता येत नाही.

उडायला लागल्यावर

चिमणी साधारण दोन आठवड्यांत, बुलबुल त्याच्याही आधी, साळुंकी तीन-साडेतीन आठवड्यांत खोक्याच्या बाहेर उड्या मारायला लागते. कबुतर महिनाभर घेतं. या दिवसापासून छताचा पंखा पूर्ण बंद, आरशावर चादर, संडासाचं झाकण लावलेलं. हसू नका, बादलीत आणि कमोडमध्ये बुडालेली पिल्लं मला माहीत आहेत.

उडायला आलं म्हणजे सोडायला आलं असं नाही. स्वतः टिपून खाता यायला अजून दोन-तीन आठवडे जातात. मोठ्या पिंजऱ्यात खऱ्या फांद्या बांधा, उथळ थाळीत पाणी ठेवा, घास थाळीत पसरून ठेवा आणि हाताने भरवणं हळूहळू कमी करा. त्याला किडे दिसले पाहिजेत, कुंडीतली माती उकरू द्या. पिंजरा दिवसा बाल्कनीत, अर्धा सावलीत, म्हणजे बाहेरच्या त्याच जातीच्या पक्ष्यांचे आवाज कानांवर पडतात.

सोडायला लोक गाडी काढून येऊरला किंवा कर्नाळ्याला जातात, जंगल आहे म्हणून. सोसायटीतल्या चिमणीला कर्नाळ्यात कोण ओळखतं? जिथे सापडलं तिथेच, त्याच्या जातीचे इतर पक्षी जिथे येतात तिथे सोडा. सलग दोन दिवस उघडीप हवी, वेळ सकाळची हवी, म्हणजे अंधार पडायच्या आधी त्याला अख्खा दिवस मिळतो. पिंजरा ग्रिलवर ठेवून दार उघडा आणि आत निघून जा. काही लगेच निघतात, काही दुपारपर्यंत दारातच बसतात. हुसकू नका.

घासाची वाटी मात्र ग्रिलवर ठेवत राहा. पहिल्या दिवशी चार-पाच फेऱ्या होतील, आठवड्याने एखादी. मग सलग तीन-चार दिवस वाटीतलं तसंच राहील, मुंग्या लागतील. तेव्हा वाटी घासून फडताळात ठेवून द्या.